विम्याच्या कागदावरचं अस्वल

मी खोटं बोलतो, हे सिद्ध करण्यासाठी मी महिनाभर अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये हेलपाटे घातले आणि एकाही माणसानं ते मान्य केलं नाही. एरवी आमच्या डेपोजवळच्या चहाच्या टपरीवर हे सिद्ध व्हायला अर्धा कप पुरतो.

मी कंडक्टर होतो. अमरावती ते अकोला, दर्यापूरवरून. तीस वर्षांत मी त्या रस्त्यावर जेवढा उभ्यानं फिरलो, तेवढ्यात माणूस चंद्रावर जाऊन, तिथं दोन दिवस पाहुणचार घेऊन परत आला असता. फरक एवढाच की चंद्राच्या वाटेवर सुट्ट्यासाठी भांडणारं कोणी नसतं. त्या गाडीत मी लोकांना जे जे सांगितलं ते सगळं खरं असतं तर वऱ्हाडात आज एकही पूल उभा नसता. दर्यापूरला उतरणारी माणसं गोष्ट अर्धी राहिली म्हणून अकोल्यापर्यंत यायची आणि पुढचं तिकीट काढायची. हे मात्र अर्धं खरं आहे.

माझ्या गोष्टी न ऐकणारा एकच प्रवासी मला त्या तीस वर्षांत भेटला. अकोल्याच्या जुन्या शहरात त्याचं सायकलचं दुकान आहे, त्याच्या आजोबापासूनचं. तो अमरावतीहून टायर आणि रिमा घेऊन यायचा, मागच्या सीटवर बसायचा आणि म्हणायचा, "अकोला, एक. सामान, एक." बस. तीन वर्षं त्यानं माझ्याशी एवढंच भाषण केलं. मी त्या माणसासाठी पुरात वाहून गेलेली म्हैस काढली, ड्रायव्हरशिवाय चार किलोमीटर चाललेली बस काढली, तो आपला खिडकीबाहेर. शेवटी एकदा मी त्याला विचारलं, "कावून बे, तुले ऐकू येते का नाही?" तो म्हणाला, "येते. म्हैस मागच्या खेपेले काळी व्हती, आज भुरी हाय." त्या दिवसापासून आमची दोस्ती. मी त्याला उस्ताद म्हणतो, कारण अकोल्यात सगळेच म्हणतात. तो मला कंडक्टर म्हणतो.

मी रिटायर झालो तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मला चालायची सवय नव्हती, उभं राहायची होती. उस्तादनं चार जुन्या सायकली फोडून माझ्यासाठी एक गिअरची सायकल जुळवली. मग दर रविवारी मी अमरावतीहून निघायचो, तो अकोल्याहून, आणि दोघं दर्यापूरला भेटून आलुबोंडा खायचो. तो आला तसा सायकलनं परत जायचा. मी जाता-येता सायकल काळीपिवळी जीपच्या टपावर टाकायचो आणि परतताना गावाबाहेर उतरून घरापर्यंत जोरात पॅडल मारायचो, म्हणजे घाम ताजा दिसतो. हे मी इथं पहिल्यांदाच लिहितो आहे.

असाच एक रविवार होता. आलुबोंडा संपला होता. उस्ताद बोटं पुसत म्हणाला, "समुद्राच्या कडेकडेनं सायकल चालवाची हाय मले."

मला वाटलं हॉटेलवाला बोलला.

"कोकणात जाऊ," मी म्हणालो.

"कोकणात बस जाते," तो म्हणाला. "लंकेले जाऊ."

म्हणजे त्यानं विचार करून ठेवला होता. रेल्वेनं चेन्नई, तिथून विमान, मग पंधरा दिवसांची सफर, आधी समुद्राकाठानं आणि शेवटी चहाच्या मळ्यांचा चढ. बासष्ट वर्षांच्या त्या माणसानं दुसऱ्यांच्या सायकली दुरुस्त करण्यात उमर घालवली, आणि आमच्या इतक्या वर्षांच्या दोस्तीत मला पहिल्यांदा काहीतरी मागितलं. मी नाही कसं म्हणणार? मी तर घरी पोचेपर्यंत मनातल्या मनात अर्धी लंका चालवून टाकली.

घरी बायको होती.

माझी बायको अंगणवाडी सेविका होती. तिनं आयुष्यभर रजिस्टरं भरली. जे रकान्यात आहे ते आहे, जे नाही ते नाही. तिचा माझ्यावर विश्वास नाही असं मी म्हणणार नाही. तिचा माझ्यावर असा विश्वास आहे की मी जे सांगतो त्यातलं तीन चतुर्थांश ती आधीच कापून ठेवते.

लंकेचं ऐकून ती हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, "जा. पन विमा काढा. सायकलवरून पडले तरी चालते असं लिहेल पाह्यजे. मले कागद दाखवा, मंग जा."

याला कारण होतं, आणि ते बार्शीटाकळीच्या रस्त्यावर घडलं होतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास उस्ताद आणि मी तिकडे गेलो होतो. त्या दिवसांत शेतकरी सोयाबीन डांबरी रस्त्यावरच पसरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली दाणे आपोआप मोकळे होतात. मी उतारावरून येत होतो, मागं वळून उस्तादला काहीतरी सांगत होतो, आणि सायकल सोयाबीनवर गेली. सायकल एकीकडे, मी एकीकडे, कॉलरबोन मोडलेलं. ज्याचं सोयाबीन होतं तो माणूस धावत आला आणि आधी दाणे गोळा करायला लागला.

आता तुम्हीच सांगा. डोक्याला हेल्मेट, हाताला मोजे, सायकलला एकवीस गिअर, आणि पडलो कशावर, तर सोयाबीनवर. हे कोणाला सांगायचं? अकोल्याच्या दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत माझ्या गोष्टीत अस्वल आलं होतं.

बायकोला मात्र अनोळखी नंबरवरून फोन गेला होता, "तुमचे मिस्टर पडले," आणि पुढे रेंज गेली. ती अमरावतीहून अकोल्यापर्यंत बसमध्ये उभ्यानं आली, मी जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना. उस्तादनं तिला एका शब्दात खरं सांगून टाकलं, "सोयाबीन." त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. तीन दिवस खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिली. तो विमा त्या स्टुलावरून आलेला होता, हे मला कळत होतं.

मी आधी आमच्या चौकातल्या विमावाल्याकडे गेलो. याच्याकडून अर्ध्या अमरावतीनं गाडीचा विमा काढलेला.

"कोनती गाडी?" त्यानं कॉम्प्युटरकडे पाहत विचारलं.

"सायकल."

"पेट्रोल का बॅटरी?"

"पाय."

त्यानं मान वर केली. "भाऊ, कॉम्प्युटर चेसिस नंबर मागून राहिला."

"गाडीचा नाही पाह्यजे विमा. माहा पाह्यजे. मी सायकलनं लंकेले चाललो."

त्यानं माझ्याकडे आणि मग माझ्या मागं पाहिलं. शेपटी शोधत होता, असं मी नंतर टपरीवर सांगितलं. त्यानं तीन कंपन्या काढून दाखवल्या. पहिलीत सायकल होती, पण शहराच्या आत. दुसरीत होती, पण सहलीच्या ओघात तासाभरापुरती. दिवसभर चालवली की ते साहस. साहसाची वेगळी पुरवणी होती, ती साठ वर्षांच्या आत. तिसरीत माणूस, सामान, विमान चुकणं, पासपोर्ट हरवणं, कुत्रा चावणं, सगळं होतं; फक्त दोन चाकांवरून पडलेल्या माणसानं क्लेम मागू नये असं होतं.

"पायी जा ना," विमावाला कळवळून म्हणाला. "पायी गेले तर सगळं कव्हर हाय."

आठ-दहा दिवस मी इंटरनेटवर काढले. तिथं एक बाई चौकोनात बसून 'मी आपली काय मदत करू' असं विचारते आणि काहीही विचारलं की परत तेच विचारते. तसला कंडक्टर मी असतो तर लोकांनी मला बसखाली घातलं असतं. शेवटी उस्तादच्या एका गिऱ्हाइकानं एक कंपनी सांगितली. तिच्या नियमात स्वच्छ लिहिलं होतं: हौसेखातर, बिनमोबदल्याची सायकल सफर चालेल, कितीही दिवस, स्पर्धा चालणार नाही. साठीच्या वरच्यांना एक फोन येईल, त्यात खात्री करून घेतील, आणि पॉलिसी.

बायकोनं पट्टी घेतली आणि नियमाच्या प्रत्येक ओळीखाली धरून वाचलं. 'मृतदेह मायदेशी आणण्याचा खर्च' ही ओळ तिनं मोठ्यानं वाचली आणि म्हणाली, "हे बरं हाय." मग फॉर्म तिनंच भरला. मागील अपघात या रकान्यात तिच्या गोल अक्षरात लिहिलं: सोयाबीनवरून घसरून पडले. मी म्हटलं, नुसतं 'घसरून' लिही. ती म्हणाली, "रकाना मोठा हाय."

उस्तादनं तर तोवर दोघांची विमानाची तिकिटंही काढली, पैसे परत न मिळणारी. दुकानात त्यानं माझ्या सायकलला मागं कॅरिअर बसवलं, दोन्ही बाजूला पिशव्यांचे हूक लावले, आणि रोज एकदा ते हलवून पाहायचा.

फोन आला तेव्हा मी त्याच दुकानात होतो. इथंच घोटाळा झाला. तो फोन मला घरी, एकट्या बायकोसमोर आला असता तर मी आज तुम्हाला समुद्राचं सांगत असतो.

दुकानात त्या वेळी माणसं होती. बार्शीटाकळीकडचा एक भाजीवाला तीनचाकी सायकलचं टायर बदलायला आलेला. दोन रिटायर मास्तर, जे पंक्चर नसतानाही येतात. चहावाला कप घ्यायला थांबलेला. या चौघांनी माझं अस्वल निदान चाळीस वेळा ऐकलेलं. माझ्या हातात ग्रीस होतं, म्हणून उस्तादनं फोन स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला.

"नमस्कार सर. परदेश प्रवास विम्याच्या पडताळणीसाठी बोलतेय. आपला संवाद रेकॉर्ड होणार आहे, चालेल ना?" आवाज पुण्याकडचा, इस्त्री केलेला.

तीस वर्षं मी बोललो आणि ते हवेत गेलं. आज पहिल्यांदा कोणीतरी रेकॉर्ड करत होतं.

"करा ना ताई," मी म्हणालो. "आवाज बरोबर येते का, तेवढं पाहून घ्या."

"येतोय सर. आपण साधारण रोज किती सायकल चालवता?"

बारा किलोमीटर. तेही वारा मागून असला तर. पण दोन्ही मास्तर माझ्याकडे पाहत होते.

"रोज म्हनाल तं साठ-सत्तर. पोह्याच्या आधी."

टकटक टकटक टाईप झाल्याचा आवाज आला.

"कधी शर्यतीत वगैरे भाग घेतला आहे का?"

"शर्यत कोनासंग करू ताई? मानसं पुरत नाहीत. चिखलदऱ्याच्या घाटात म्या परतवाड्याची बस मागं टाकली."

चहावाल्यानं कप खाली ठेवले. ती बस बंद पडलेली होती, हे फक्त उस्तादला माहीत होतं.

"अरे वा. त्याचं काही बक्षीस?"

"मिळालं ना. ड्रायव्हरनं पैज हरली म्हनून एक किलो बर्फी देल्ली."

टकटक. जरा जास्त वेळ.

"आणि सर, फॉर्ममध्ये मागील अपघात, 'सोयाबीनवरून घसरून पडले' असं लिहिलंय. हे बरोबर आहे?"

भाजीवाल्यानं हातातलं टायर खाली ठेवलं.

"सोयाबीन?" एक मास्तर म्हणाले. "तुमचं तं अस्वल व्हतं ना?"

"आमच्या गावचं सोयाबीन?" भाजीवाल्यानं विचारलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे हसू यायला लागलं होतं ते मला दिसलं.

चाक फिरवता फिरवता उस्ताद हळूच म्हणाला, "हो म्हन. हो म्हन अन् सोड."

एक अक्षर होतं. हो. तीस वर्षांत मी गाडी भरून शब्द वाटले आणि ते एक अक्षर माझ्या तोंडातून निघेना. मी त्या चौघांकडे पाहिलं. या वयात माणसाजवळ काय उरतं? माझ्याजवळ एक अस्वल होतं.

"ताई," मी म्हणालो, "सोयाबीन ते घरी सांगाले. बायकोनं भेऊ नये म्हनून. खरं पाह्यलं तं अस्वल व्हतं. साडेसहा फूट. मागच्या पायावर उभं. म्या सायकल आडवी घातली त्याच्या आंगावर."

मास्तरांनी समाधानानं एकमेकांकडे पाहिलं. पलीकडे पुन्हा टकटक झाली, मग ताई "धन्यवाद सर, काळजी घ्या" म्हणाल्या. उस्तादनं चाक फिरवायचं थांबवलं होतं.

पाच मिनिटांनी त्याला फोन आला. मी शब्दन् शब्द सांगू शकतो, कारण होतेच किती.

"शुगर आहे का सर?"

"हाय."

"किती वर्षं?"

"नऊ."

"रोज किती सायकल चालवता?"

"दुकान ते घर."

"कधी पडलात?"

"पडलो."

"कशामुळे?"

"ब्रेक ढिला व्हता. मीच लावला व्हता."

आठवड्यानं ईमेल आला. उस्तादची पॉलिसी, शुगरचा त्रास वगळून बाकी सगळं मंजूर. मला दोन ओळी: अर्जदार बक्षीसपात्र स्पर्धात्मक सायकलिंग करतात, तसंच अपघाताविषयी दिलेल्या माहितीत तफावत आढळते, सबब प्रस्ताव नाकारण्यात येत आहे.

बारा किलोमीटर चालवणारा मी, एक किलो बर्फीसाठी व्यावसायिक खेळाडू झालो होतो.

मी लगेच फोन लावला. दर वेळी नवा आवाज. प्रत्येकाला मी पहिल्यापासून सांगायचो. "साहेब, अस्वल खोटं होतं." "सर, रेकॉर्डिंगमध्ये आपण उंचीसुद्धा सांगितली आहे." "उंची बी खोटी होती." "मग खरी उंची किती होती सर?" एकाला मी काकुळतीला येऊन म्हणालो, "मी खोटारडा आहे, दादा. अमरावतीत कोणालाही विचारा." तो नम्रपणे म्हणाला, "सर, तसं असेल तर आपण आत्ता सांगताय तेही आम्ही कसं ग्राह्य धरायचं?"

याला उत्तर आहे का तुमच्याजवळ?

अर्ध्या तिकिटावर बसलेल्या मिसरूड फुटलेल्या मुलांकडे मी तीस वर्षं वयाचा दाखला मागितला. आता मला दाखला मागत होते. एका बाईंना माझी दया आली. त्या म्हणाल्या, दवाखान्याचा त्या वेळचा कागद असेल तर पाठवा, त्यात पडण्याचं कारण लिहिलेलं असतं, आम्ही पुन्हा विचार करू.

मी त्याच दिवशी अकोल्याला गेलो. दवाखान्यात उस्ताद माझ्याबरोबर आला. दोन तास बसल्यावर रेकॉर्डच्या खिडकीतून केसपेपरची झेरॉक्स मिळाली. डॉक्टरांचं अक्षर मुंग्यांच्या मिरवणुकीसारखं, पण एक ओळ मला लांबूनच वाचता आली: रुग्णाच्या सांगण्यानुसार, अस्वलाचा हल्ला.

दारात पोचेपर्यंत गोष्टीत अस्वल आलं होतं, असं मी मघाशी म्हणालोच. ते आत जाऊन कागदावर बसलंय, हे मला माहीत नव्हतं.

उस्तादनं झेरॉक्स पाहिली, घडी केली आणि माझ्या खिशात घातली. "त्या टायमाले तुह्या तोंडात कापूस घालाले पाह्यजे व्हता," तो म्हणाला. ही त्याची आजवरची सगळ्यात लांब शिवी.

बाकीच्या कंपन्यांचे फॉर्म मी तरीही उघडून पाहिले. प्रत्येकात एक प्रश्न असतो: यापूर्वी कोणत्या कंपनीनं आपला प्रस्ताव नाकारला आहे काय? पट्टी घेऊन बायको शेजारी बसलेली. मी त्या प्रश्नावर बोट ठेवलं आणि फॉर्म बंद केला. असे चार झाले.

जायला दहा दिवस राहिले तेव्हा मी तिला म्हणालो, "विमा नसला तं काय होते? लोक बिनविम्याचे जातातच ना."

"जा," ती म्हणाली. "मी नाही म्हनतच नाही."

ती शेंगा निवडत होती. निवडता निवडताच म्हणाली, "अकोल्याले पडले तं मले बस मालूम व्हती. उभ्यानं आली, पन आली. लंकेले कोनती बस जाते, तेवढी सांगून ठेवा."

मला वऱ्हाडातल्या सगळ्या गाड्यांचे टाईम तोंडपाठ आहेत. मीही शेंगा निवडायला बसलो.

उस्ताद म्हणाला, मग मी बी नाही जात. मी म्हणालो, जाशील. दहाही दिवस आम्ही यावर वाद घातला असता, पण वादात तो चार शब्दांच्या पुढे जात नाही आणि मी थांबत नाही, म्हणून तो हरला.

त्याची गाडी अकोल्याहून निघून अमरावतीजवळच्या बडनेऱ्याला दोन मिनिटं थांबते. मी आणि बायको प्लॅटफॉर्मवर उभे होतो. तो दारात आला. डब्यात त्याच्या सीटखाली पुठ्ठ्याचं खोकं होतं, आत सुटी केलेली सायकल. माझी. त्याच्या स्वतःच्या सायकलला गिअर नव्हते आणि चढ लांब होता, म्हणून मीच लावली होती त्याच्यामागं. बायकोनं जवसाच्या चटणीची बरणी दिली. मी भाषण तयार करून आलो होतो, स्टेशन हललं असतं असं. गाडी सुटली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "ब्रेक पाहून घेजो."

"मीच लावले," तो म्हणाला आणि गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी फोन. मी दुपारपासून तयार असायचो.

"कसं हाय?"

"ठीक."

"समुद्र?"

"हाय."

"केवढा हाय?"

"लय."

"अबे लय म्हंजे केवढा? रंग कसा हाय? आवाज कसा येते? मानसं काय म्हनतात?"

"भात देतात," तो म्हणायचा. "ठेवतो."

फोटो पाठवायचा. पहिला फोटो: कोणाच्या तरी सायकलचं फ्रीव्हील. दुसरा: वंगण लावलेली चेन. तिसऱ्यात एक गंजलेलं हँडल होतं आणि त्याच्या मागं, कोपऱ्यात, अंगठ्याएवढं निळं. मी तो फोटो मोठा करून करून पाहिला. मोठा केला की नुसते चौकोन होतात.

टपरीवर लोक विचारायचे, काय म्हणते लंका? ज्या माणसानं वऱ्हाडाच्या पलीकडे न जाता टपरीवर हिमालय उभा केला, त्याला साधा समुद्र रचता येत नव्हता. तोंड उघडलं की टकटक ऐकू यायची. मी म्हणायचो, "रस्ता चांगला हाय म्हनते. भात देतात." लोकांना वाटलं माझी तब्येत बिघडली. एका ड्रायव्हरनं तर घरी येऊन बायकोला विचारलं.

बाराव्या दिवशी फोन नेहमीपेक्षा लवकर आला. तो धापा टाकत होता.

"काय झालं?" मी विचारलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. मी फोन स्पीकरवर टाकला.

"चढला," तो म्हणाला. "चहाचा चढ. सकायपासून चढून राहिलो. लंबा व्हता. बोलाले कोनी नव्हतं."

बायको फोनजवळ सरकली.

"वर टपरी हाय," तो म्हणाला. आज आपणहून सांगत होता, थांबत थांबत, शब्द उचलून ठेवल्यासारखे. "चार-पाच मानसं बसेल व्हती. एकाले तोडकी हिंदी येते. त्यानं इचारलं, एवढा म्हातारा तू, सायकलनं कसा आला. मले सांगता येईना. मंग म्या सांगतलं."

"काय सांगतलं?"

"अस्वल मागं लागलं व्हतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं.

"केवढं सांगतलं?" मी विचारलं.

"साडेसहा. मागच्या पायावर." मग जरा वेळानं, "चहाचे पैसे नाही घेतले त्यायनं. पन म्हनतात का इकडे अस्वलाले कोनी भेत नाही. संध्याकायी रस्त्यावर हत्ती येतात."

"खरंच येतात का लेका?"

"तुह्यासारकाच एक सांगून राहिला व्हता. मालूम नाही. ठेवतो. उतार हाय आता." आणि ठेवला.

बायको आत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पट्टी होती आणि उस्तादच्या पॉलिसीची प्रत, जी तिनं जायच्या आधीच त्याच्याकडून मागून घेतली होती. ती खाली बसली आणि पहिल्या पानापासून एकेका ओळीखाली पट्टी सरकवायला लागली. कुत्रा होता. साप होता. मी तिच्या खांद्यावरून पाहत राहिलो. शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीवर ती थांबली आणि चष्मा काढला.

"हत्तीचं काही लिहेल नाही," ती म्हणाली. "लावा फोन. त्याले सांगा, हत्तीनं पाडलं तरी कागदावर सोयाबीनच सांगजो."